लाल पोटाचा धोबी

रायसिंग वसावे काठी गावाच्या बाजूचा. त्याचं गाव डोंगरात आहे, गाडीरस्त्यापासून पायी दीड तास. हिवाळ्यात तो नंदुरबारला पथारीवर कामाला येतो. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं मैदान. डिसेंबर ते फेब्रुवारी तिथे नजर जाईल तिथपर्यंत लाल असतं. मी त्याच पथारीवर एकतीस वर्षं पोती उचलली. पाठ गेली तेव्हा काम सोडलं, पण सकाळी तिकडे जाऊन बसतो. म्हणून हे सगळं मला जवळून दिसलं. जे दिसलं नाही ते रायसिंगने आणि मयंकने वेगवेगळं सांगितलं. दोघांचं जिथे जुळलं तेवढंच घेतलं आहे.

रायसिंग आता पंचावन्नच्या पुढे आहे. तरुणपणी बावीस वर्षं तो एका ठेकेदाराकडे झाडं लावायच्या कामावर होता. खड्डे खणायचे, रोपं वाहायची, उन्हाळ्यात खांद्यावर पाणी न्यायचं. पुढे त्या कामावरच्या जुन्या माणसांना पक्की नोकरी देण्याची वेळ आली. कागद काढले, तर हजेरीत ठेकेदाराने मुकादमाचं नाव लिहिलेलं आणि पुढे ‘व इतर सात मजूर’. त्या सातांतला एक रायसिंग. त्याने लावलेली झाडं आज दोन पुरुष उंच आहेत. झाडं त्याची आहेत हे सिद्ध करायला त्याच्याकडे काही नाही.

पक्षी तो त्या बावीस वर्षांत शिकला. शिकवलं कोणी नाही. उडताना पंख किती वेळा हलतात, बसताना शेपूट वर जाते की खाली, यावरून तो ओळखतो. त्याच्या बोलीत त्याला बहुतेक सगळ्यांची नावं येतात. मराठी नावं त्याला नंतर मयंकच्या पुस्तकातली चित्रं पाहून आली. अक्षरं मात्र त्याला येत नाहीत.

मयंक हा गौतमचंद शेठचा मुलगा. पथारी शेठची. यांचे पणजोबा राजस्थानातून आले, आता घरात मारवाडी आणि बाजारात अहिराणी. शेठ स्वतः पहाटे पथारीवर असतात, मूठभर मिरची दाबून ओल सांगतात. मयंकला मिरचीचा ठसका सोसत नाही. फाटकाशी आला तरी त्याला शिंका सुरू होतात, डोळे वाहतात. म्हणून तो गावातलं दुकान बघतो आणि रविवारी कॅमेरा घेऊन पक्ष्यांमागे जातो. पोरगा वाईट नव्हता. त्याला सगळं लवकर हवं असायचं, एवढंच.

तीन हिवाळे रायसिंगने त्याला जिल्हाभर हिंडवलं. प्रकाशाच्या काठावरची बदकं, चिंचपाड्याकडचे ओढे, सारंगखेड्याच्या वरचं तापीचं पसरट पाणी, डोंगराचे कडे. जीप जाईल तिथपर्यंत जीप, पुढे पायी. तिपाई आणि लांब नळीच्या कॅमेऱ्याची पिशवी रायसिंगच्या खांद्यावर. मी एकदा उचलून पाहिली होती. नऊ किलोला कमी नाही. नऊ किलो पोत्यासारखं पाठीवर बसलं तर काहीच नाही. पण तिपाईचे पाय झुडपात अडकतात आणि पट्टा एकाच खांद्याला कापतो. ते ओझं शंभर किलोच्या पोत्यापेक्षा त्रासाचं आहे.

दोन हिवाळ्यांपूर्वी डिसेंबरात दोघं सारंगखेड्याच्या वर तापीकाठी होते. पहाट, दाट धुकं. समोरच्या गाळावर एक उंच पक्षी उभा होता.

“कांडेसर,” मयंक म्हणाला. कांडेसर म्हणजे पांढऱ्या मानेचा करकोचा, तो आपल्याकडे दिसतो.

“नही शेठ. मान देखा. काळी शे. कांडेसरनी धवळी ऱ्हास.”

“धुक्यात तुला मान दिसते?”

“माले दिसस. मान बठी काळी, पोट धवळं. चोच लाल, पाय लाल.”

मयंकने कॅमेरा लावला तर काचेवर बाष्प. पुसेपर्यंत पक्षी उडाला. उडताना मयंकलाही काळी मान दिसली, पण अर्धा क्षण. तो काळा करकोचा होता. आपल्या जिल्ह्यात बरीच वर्षं कोणी पाहिलेला नव्हता.

अशा पक्ष्यांची एक वही आहे. शहाद्याचे निवृत्त शिक्षक उमाकांत सर ती ठेवतात. दर हिवाळ्यात कोणता दुर्मीळ पक्षी कुठे, कधी, कोणी पाहिला. फोटो असेल तर नोंद होते. फोटो नसेल तर पाहणाऱ्याने काय पाहिलं ते लिहून द्यायचं, सरांनी उलटतपासणी घ्यायची, आणि माणूस विश्वासाचा वाटला तरच नोंद. मयंकने लिहून दिलं: मान पूर्ण काळी, पोट पांढरं, चोच व पाय लाल. शब्द रायसिंगचे. सही मयंकची.

जानेवारीत सभागृहात पक्षिमित्रांचा मेळावा झाला. मयंकला शाल आणि नारळ मिळाला. रायसिंग तिपाई धरून दाराशी उभा होता. वहीतल्या नोंदी छापलेलं एक पत्रक वाटलं, ते त्याने घडी करून माझ्याकडे आणलं.

“वाच. मन्हं नाव कोठे शे?”

मी वाचलं. दोनदा वाचलं. मयंकचं नाव चार ठिकाणी होतं. रायसिंगबद्दल एक ओळ होती: ‘सोबत ओझे वाहण्यासाठी एक स्थानिक मजूर होता.’

मिरच्या खुडणारी गुलाबबाई शेजारी बसली होती. तिची जीभ कधी थांबत नाही.

“नाव कसाले पाहिजे रे भो तुले? रेशन कार्डवर शे ना?”

“तठे बी चुकेल शे,” रायसिंग म्हणाला.

बाया हसल्या. तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेला. मयंकशेठ, वहीत माझं नाव टाका, म्हणाला. मयंक म्हणाला, “आता छापून झालं रे. पुढच्या वेळी टाकू, नक्की.” आठवड्याने पुन्हा गेला. गिऱ्हाईक होतं, मयंकने हातानेच थांब म्हटलं, तो तासभर थांबला आणि परत आला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा मयंक चिडला. “एका पक्ष्यासाठी किती डोकं खाशील? तुला तिथे नेलं कोणी? जीप कोणाची होती?”

त्या दिवसापासून रायसिंगने त्याच्याबरोबर जाणं बंद केलं. पथारीवर फावडं घेऊन मिरची उलटायला लागला. दुपारी भाकरी खाताना मला म्हणाला, “त्याले सोडाव नही मी.”

मी म्हटलं, “काय करशील?”

“ते आते माहीत नही.”

वर्षभर त्याला ते माहीत नव्हतं. गेल्या जानेवारीत कळलं.

वाळलेली मिरची कडक असते. तशीच पोत्यात दाबली तर मोडते आणि बी सांडतं. म्हणून भरण्याआधी तिच्यावर पाणी मारून ती नरम करतात. ते पाणी वाहत जाऊन पथारीच्या कडेच्या खळग्यांत साचतं, रक्तासारखं लाल. हिवाळ्यात उत्तरेकडून धोबी येतात, काळेपांढरे, शेपूट सतत वरखाली करणारे चिमणीएवढे पक्षी. ते त्या खळग्यांत अंघोळ करतात. रोज केली की पांढरं पोट आधी गुलाबी होतं, मग विटकरी. आम्हाला त्यात नवल वाटत नाही. आमचीही धोतरं तशीच होतात.

एका सोमवारी मयंक फाटकाबाहेर आला. नाकावर रुमाल. रायसिंगला हाक मारून बाहेर बोलावलं आणि मोबाइल पुढे धरला. गावाबाहेरच्या तळ्याच्या काठी काढलेला फोटो होता. धोबी, पोट विटकरी लाल.

“असा पाहिलास का कधी? मला ठाऊक आहे तू रागावलायस, पण खरं सांग.”

रायसिंगने मोबाइल हातात घेतला. बराच वेळ पाहिला. ठसका नको म्हणून मयंकने पथारीकडे पाठ केली होती. त्या पाठीमागे चाळीस पावलांवर खळग्यात दोन धोबी पंख फडफडवत होते. दोन्ही लाल पोटाचे. मी पाहत होतो, रायसिंगही पाहत होता.

“नही शेठ,” तो म्हणाला. “असा धोबी माले जिंदगीत दिसना नही.”

“नक्की?”

“नक्की.”

मयंकला पाच शिंका आल्या आणि तो खुशीत गेला.

मी रायसिंगला म्हटलं, “अरे, तो त इठलाच शे.”

“शे. तू सांगू नको.”

मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की नाही, ते ज्याला ठरवायचं त्याने ठरवावं.

मयंकने घाई केली. पुस्तकात असा धोबी नाही, म्हणजे ही नवी जात, असं त्याने स्वतःच ठरवलं. फोटो सगळीकडे पाठवला. नंदुरबारच्या एका छोट्या वर्तमानपत्रात बातमी आली, ‘युवा व्यापाऱ्याला सापडला नवा पक्षी’. गौतमचंद शेठनी पथारीवर सगळ्यांना पेढे वाटले. आम्हीही खाल्ले. रायसिंगने दोन घेतले.

उमाकांत सरांनी मात्र निरोप पाठवला: मला डोळ्यांनी पाहू दे, मग वहीत लिहीन. दहा दिवसांनी रविवारी येतो.

मयंक तळ्यावर गेला. तिथे साधे पांढऱ्या पोटाचे धोबी होते. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तो फाटकाशी आला.

“रायसिंग, तूच शोधू शकतोस.”

“शोधसू. पन मी म्हनसू तठे यावं लागी. पायी.”

“येईन.”

“आनि तिपाई तुम्ही उचला. मन्हा खांदा दुखस.”

त्याचा खांदा दुखत नव्हता. त्याच सकाळी त्याने सत्तर पोती ओढली होती.

सात दिवस त्याने मयंकला चालवलं. पहिल्या दिवशी प्रकाशाहून नदीकाठाने सारंगखेड्यापर्यंत. काठावर काटेरी झाडी, वाळू, मग ओली काळी जमीन. एका पायाला किलोभर चिखल लागतो, तो काढला की दहा पावलांत पुन्हा लागतो. यात्रा संपलेली होती, घोड्यांच्या बाजाराच्या मैदानात नुसता कडबा उडत होता. मयंकला तिथे बसायचं होतं. “धोबी बसता नही, शेठ,” रायसिंग म्हणाला आणि चालत राहिला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चिंचपाड्याकडचे ओढे, उगमाकडे. चौथ्या दिवशी वाटेत एक ससाणा दिसला. खरोखर दुर्मीळ होता, मयंकने तिपाई टेकवली.

“तो धोबी शे का?”

“नाही, पण...”

“मंग चाला. सरले काय दाखाडशात?”

पाचव्या आणि सहाव्या दिवशी डोंगर. काठीच्या पुढे रायसिंगच्या गावापर्यंत चढण. तिपाई याच्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत मयंक वर पोचला तेव्हा त्याच्या दोन्ही टाचांना फोड आले होते. रायसिंगच्या बायकोने गरम पाणी दिलं, वर ज्वारीची भाकरी आणि चटणी. चटणी तिखट होती. मयंक रडला, तिखटाने की दमल्याने ते त्यालाही सांगता येत नाही. रायसिंगने दुसरं काही वाढू दिलं नाही.

सातव्या दिवशी तळं, पुन्हा सगळा काठ.

रायसिंगही तेवढंच चालला, हे सांगितलं पाहिजे. पक्षी मयंकच्या घरापासून वीस मिनिटांवर आहे हे ठाऊक असताना तो सात दिवस, रोज पहाटेपासून, कामावर खाडा करून चालला. फुकटची मेहनत मला आवडत नाही. पण त्याने ती एकदाही अर्ध्यावर सोडली नाही. तो प्रत्येक ओढ्याला थांबून, डोळ्यांवर हात धरून, खरोखर शोधत असल्यासारखा पाहायचा.

शनिवारी संध्याकाळी तो मयंकला म्हणाला, “सरले उद्या सकाळमा पथारीवर आना.”

“पथारीवर कशाला? तिथे पक्षी कुठले?”

“मी सांगस ना. आना.”

रविवारी आठ वाजता सर आले. सोबत पक्षिमित्र मंडळाचे सहा-सात जण. गौतमचंद शेठ इस्त्रीचे कपडे घालून चहाची किटली घेऊन हजर. मयंकने नाकाला ओला रुमाल बांधला होता, तिपाई त्याच्याच खांद्यावर. रायसिंग पुढे, सगळे मागे, मिरचीच्या दोन वाफ्यांमधल्या वाटेने कडेच्या खळग्यांपर्यंत. मी आधीच तिथे बसलो होतो. गुलाबबाई आणि बाकीच्या बाया खुडता खुडता मान वर करून बघत होत्या.

खळग्यांत पाच धोबी होते. एक नुकता आलेला, पोट पांढरं स्वच्छ. दोन गुलाबी. दोन मयंकच्या फोटोतल्यासारखे विटकरी. पाचही जण एकाच लाल पाण्यात डोकं बुडवून पंख झाडत होते.

सर खळग्याशी वाकले. खिशातून पांढरा रुमाल काढून पाण्यात बुडवला, पिळला आणि उजेडात धरला.

“ह्याच करता पेढा वाटात का तुम्ही?” गुलाबबाई मोठ्याने म्हणाली. “आम्हले विचारतात त आम्हीच सांगतूत ना!”

बाया हसायला लागल्या. मग मंडळातले दोघं हसले. शेठ मुलाकडे पाहून हळूच म्हणाले, “मयंक, हा आपल्याच मालाचा रंग आहे बेटा. पाच वर्षाच्या पोराला कळेल.”

मयंकला उत्तर द्यायचं होतं, पण त्याला ठसका लागला. तो वाकून खोकत राहिला. सगळे तो खोकायचा थांबायची वाट पाहत उभे राहिले. रायसिंग त्याच्या अगदी समोर होता आणि त्याने नजर एकदाही हलवली नाही. त्याच्या चेहऱ्यावर मी तेवढं समाधान पूर्वी पाहिलेलं नाही. एवढ्यावर ते संपलं असतं तर सोपं होतं.

सरांनी पिशवीतून वही काढली. धोब्याची नोंद तिच्यात नव्हतीच. त्यांनी मागची पानं उलटली.

“मयंक, काळा करकोचा. त्याचा फोटो नव्हता. मी तुझ्या शब्दावर लिहिला होता.”

“सर, तो खरा होता.”

“हाही खरा होता, दहा दिवसांपूर्वी.”

“नाही सर, तो शंभर टक्के...” मयंकने रुमाल खाली ओढला. डोळे लाल, नाक वाहत होतं. “सर, तो मी पाहिलाच नाही नीट. रायसिंगने पाहिला. मी कांडेसर म्हणत होतो. मान काळी आहे हे त्याने सांगितलं. सगळं त्याचं आहे, मी फक्त लिहिलं. विचारा त्याला. रायसिंगभाऊ, सांगा ना सरांना.”

त्याने रायसिंगला भाऊ म्हटलं ते आयुष्यात पहिल्यांदा.

सर रायसिंगकडे वळले. चांगला माणूस. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि सावकाश विचारलं, “रायसिंगभाऊ, तुम्ही पाहिला होता? तुम्ही सांगा कसा होता तो. मला पटलं तर याचं नाव खोडतो आणि तुमचं लिहितो. पूर्ण नाव, गावासकट.”

रायसिंगने सांगितलं असतं तर पटलंच असतं. तो पक्षी त्याच्या डोळ्यांपुढे अजून उभा आहे. मला त्याने तो इतक्या वेळा सांगितला आहे की मीही चित्र काढू शकेन. पण त्याचं नाव लागलं असतं तर करकोचा वहीत राहिला असता, आणि मयंक लबाड असला तरी खोटारडा ठरला नसता. हे सगळं रायसिंगला कळत होतं. त्याने वेळ घेतला. आधी वहीकडे पाहिलं, मग मयंककडे, मग पुन्हा वहीकडे.

“नही,” तो म्हणाला. “मी देखा नही.”

“काय?” मयंक ओरडला. “अरे, खोटं का बोलतोस? तीनदा आलास ना दुकानात, नाव टाका म्हणून? सर, हा खोटं बोलतोय!”

“याददाश्त शे का काही तुमले?” सरांनी शांतपणे विचारलं. ते सहसा अहिराणी बोलत नाहीत.

“काही नही. धुकं व्हतं.”

सरांनी थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं. त्यांना शंका आली असावी. पण त्यांच्या वहीला नियम आहे. त्यांनी पट्टी लावून एक सरळ रेघ ओढली.

मयंक तिथून गेला नाही. तिपाई धरून तसाच उभा राहिला, शिंका येत होत्या तरी. शेठनी किटली जमिनीवर ठेवली. चहा कोणी घेतला नाही.

मी रायसिंगच्या जवळ गेलो. मला राग आला होता, तो का आला ते सांगता येणार नाही. “तुन्हं नाव लिखी ऱ्हायंतात ना सर,” मी म्हटलं. “एक शब्द बोलणं व्हतं.”

“तो बुडी ऱ्हायंता,” रायसिंग म्हणाला, “तव्हय त्याले मन्हं नाव याद उनं.”

मग तो सरांकडे गेला.

“सर, खोडं का?”

“हो.”

“दाखाडा.”

सरांनी वही त्याच्यापुढे धरली. रायसिंगने हात पँटला पुसले, तरी पानाला बोट लावलं नाही.

“यामा पक्षी कोनता नि नाव कोनतं?”

सरांनी बोट ठेवून दाखवलं. इथे करकोचा. इथे मयंक. दोन्हींवरून एकच रेघ गेली होती, मधे कुठे तुटली नव्हती. रायसिंगने ती डावीकडून उजवीकडे शेवटपर्यंत पाहिली.

“बरं,” तो म्हणाला.

ऊन चढलं होतं. खालची मिरची दहाच्या आत उलटावी लागते. त्याने फावडं उचललं आणि वाफ्याच्या त्या टोकापासून, एकही पट्टा न सोडता, काम सुरू केलं.